सोळा इंची किक

सकाळी सव्वासात

रात्री साडेआठला दादरच्या एका नाट्यगृहात मराठी गाण्यांचा कार्यक्रम. त्याआधी तिथे चारचं नाटक आहे. ते पावणेसातला सुटणार, त्यांचा सेट उतरणार, झाडू फिरणार, आणि मग स्टेज आमच्या हातात. म्हणजे सव्वासात ते आठ एवढ्या वेळात सहा वादकांनी आपापलं सामान लावायचं, साउंड चेक उरकायचा आणि प्रेक्षकांना दार उघडायचं. असल्या दिवशी ‘ट्यूनिंग तिथे जाऊन बघू’ म्हणण्यात अर्थ नसतो. जे करायचं ते सकाळी, घरी, डोंबिवलीत.

दिवाणावर जुनी चादर टाकून ड्रम आडवा केला. हा जन्माने बास ड्रम नव्हे. सोळा इंच व्यासाचा, सोळा इंच खोल असा फ्लोअर टॉम आहे. त्याच्या सरळ पायांच्या जागी वाकडे पाय बसवून आणि पेडलच्या बाजूला खालून एक लिफ्ट लावून त्याची किक, म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम, केली आहे. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात बावीस इंची किकचीच सवय. हा ड्रम पाहून हमखास कुणीतरी विचारतं, ‘मुलाचा आणला का?’ पण हा खांद्याला अडकवून लोकलमध्ये चढता येतं, आणि नाट्यगृहाच्या स्टेजवर तबला, ढोलकी, साइड रिदम, कीबोर्ड, बासरी यांच्यामधून जी चार फूट जागा माझ्या वाट्याला येते तीत हा बसतो. न्यू यॉर्कच्या जॅझवाल्यांनी अठरा इंची ड्रम धरले त्यामागेही क्लबांची चिमुकली स्टेज आणि टॅक्सीची डिकी होती असं सांगतात. टोनी विल्यम्स १९६३ मध्ये सतराव्या वर्षी माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये आला तो अठरा इंची ग्रेच किक घेऊन. त्या ड्रमचा गोल, नेमका, जरा चढा सूर ऐकला की मोठी किक म्हणजेच खरी किक हा समज जागेवरच पडतो.

पेडलकडचं हेड आज बदलायचं आहे. पेडलचा बीटर आपटून आपटून मध्यावर खळगा पडलाय. बोट फिरवलं की लागतो. खळगा पडलेलं हेड कितीही ताणा, मध्यभाग ढिलाच राहतो.

आठ

हेड ताणून धरणारे आठही रॉड थोडे थोडे ढिले केले. एक पूर्ण काढून मग दुसरा, असं करत नाही, रिंग वाकते. हेड निघालं की आतून गेल्या कार्यक्रमाचा माल बाहेर पडतो: कागदी फुलांच्या पाकळ्या, एक टिकली, नाट्यगृहाची जन्मजात धूळ. सुती फडक्याने आतून पुसून घेतला.

आता खरं काम कडेचं. लाकडी शेलची कड तिरकी कापलेली असते आणि हेड टेकतं ते त्या कापाच्या अगदी टोकावर. तिथे कुठे चेपलं असेल, कण चिकटला असेल, तर त्या बाजूचा सूर कधीच लागत नाही. माणूस चावी फिरवत बसतो आणि दोष भलतीकडेच असतो. तपासायची रीत सोपी आहे. जेवणाच्या टेबलाला काच आहे. तिच्यावर मोबाइलचा टॉर्च पेटवून ठेवायचा, त्यावर ड्रम उपडा घालायचा, आणि खोलीतले दिवे घालवून पडदा ओढायचा. कड जिथे काचेला टेकलेली नाही तिथून उजेडाची रेघ बाहेर येते. आज एका ठिकाणी केसाएवढी आली. बोटाने चाचपलं तर मागच्या टेपच्या गोंदाचा कण. नखाने काढला, पुन्हा ठेवला, रेघ गेली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘टेबल पुसून ठेव नंतर.’

रॉडना व्हॅसलिनचं बोट लावलं. दादरच्या एसीत नाही, पण डोंबिवलीच्या दमट हवेत आटे गंजतात.

साडेआठ

नवं हेड एका थराचं, पण काठाला आतून पातळ कडं असलेलं, रेमोचं पॉवरस्ट्रोक थ्री. ते कडं काठावरची किणकिण आपोआप खातं, त्यामुळे आत उशी कोंबावी लागत नाही. पुढचं हेड अ‍ॅम्बॅसडर, साधं, त्याला भोक नाही. पुढच्या हेडखाली तीन बोटं रुंदीची फेल्टची पट्टी, मध्याच्या जरा बाजूने आडवी ओढलेली. ती गेल्या वेळचीच आहे, हात लावला नाही.

प्लास्टिकची ही हेडं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली. चिक इव्हान्सने १९५६ मध्ये आणि रेमो बेली याने १९५७ मध्ये ती बाजारात आणायला सुरुवात केली. त्याआधी वासराचं कातडं. मुंबईच्या पावसाळ्यात कातड्याच्या बास ड्रमचं काय होत असेल ते तबलजींना विचारा. त्यांच्या वाट्याला ते दुखणं आजही आहे.

आठही रॉड आधी बोटाने जेवढे फिरतात तेवढेच फिरवले. मग चावीने समोरासमोरच्या जोड्या, एकेकीला अर्धा फेरा. एक वर, त्याच्या समोरचा खाली, मग काटकोनातली जोडी. मध्ये तळवा ठेवून वजन टाकलं की नवीन हेड काठाच्या गोंदाशी कडकड करतं. घाबरायचं नसतं, ते बसतंय. सुरकुत्या गेल्या की थांबायचं. इथून पुढे कान.

इमारतीत रविवारची सकाळ आहे आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचतायत. ठोकायचा प्रश्न नाही, गरजही नाही. डाव्या हाताचं बोट हेडच्या मध्यावर हलकं टेकवायचं, म्हणजे मूळ सूर दबतो आणि वरचा सूर उघडा पडतो. उजव्या हाताच्या बोटाने प्रत्येक रॉडच्या आत इंचभर टिचकी मारत गोल फिरायचं. सात ठिकाणी एक सूर आला आणि आठव्या ठिकाणी उतरा आला तर आधी आठव्याच्या समोरचा रॉड बघायचा. पुष्कळदा तोच जास्त पिळलेला असतो आणि बिचाऱ्या आठव्याला दोष जातो.

सगळे एका सुरात आले की मग किती चढवायचं हा प्रश्न, आणि लहान ड्रमवाले इथेच गोंधळतात. त्यांना बावीस इंचीचा आवाज हवा असतो. हिशोब साधा आहे: हेड तेच, ताण तोच, आणि व्यास बावीसच्या जागी सोळा झाला तर सूर दीडपटीला जरा कमी इतका चढतो. मोठ्या ड्रमचा सूर सा धरला तर हा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्ये कुठेतरी. त्याला खाली सा वर आणायचं तर ताण जवळजवळ निम्मा करावा लागेल. मोठी किक आधीच सुरकुती जाईल न जाईल एवढीच ताणलेली असते. तिच्या निम्म्या ताणाला हेड लोंबतं, बीटर त्यात रुततो आणि आवाज येतो पुठ्ठ्याच्या खोक्याचा. मग लोक आत घोंगडी कोंबतात, जाड हेड लावतात, साउंडवाल्याच्या हातापाया पडतात. त्यापेक्षा लहान ड्रमला अर्धा-पाऊण फेरा वर घ्यावं आणि त्याच्या स्वतःच्या सुरात बोलू द्यावं. पुढचं हेड मागच्यापेक्षा किंचित चढं ठेवलं की सूर उमटतो आणि लवकर मिटतो.

कीबोर्डवर पडताळून पाहिलं तर काळी दोनच्या आसपास आलाय. आजच्या गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे हा तिचा पंचम. बरं वाटलं, पण त्यावर भिस्त नाही. सुगम संगीतात गाण्यागणिक पट्टी बदलते, गायक बदलतो, किकने कुणाकुणाच्या सुरामागे धावायचं? किकचा सूर आखूड असला की तो कुणाच्या पायात येत नाही. म्हणून ती फेल्टची पट्टी.

दहा

पेडल. हे काम मला ड्रमपेक्षा जास्त आवडतं आणि बहुतेक ड्रमर याचाच कंटाळा करतात. दहा हजारांचं हेड-सिम्बल घेतील, पण पेडलच्या बेअरिंगला वर्षभरात तेलाचा थेंब दाखवणार नाहीत.

पेडल नव्हतं तेव्हा एकच माणूस स्नेअर आणि बास ड्रम दोन्ही काठ्यांनीच वाजवायचा, इकडून तिकडे हात मारत. पायाने वाजवायच्या खटपटी पुष्कळांनी केल्या, पण शिकागोच्या विल्यम लुडविगने १९०९ मध्ये काढलेलं पेडल चाललं, कारण ते छोटं होतं, जमिनीवर बसत होतं आणि नाटकगृहातल्या रॅगटाइमच्या वेगाला पुरत होतं. त्यातून भावाबरोबर कंपनी उभी राहिली. हात मोकळे झाले आणि आज आपण ज्याला ड्रमसेट म्हणतो तो तिथून पुढे शक्य झाला. त्याच घराण्यातलं स्पीड किंग नावाचं पेडल १९३० च्या दशकात आलं. चांगलं, पण कुरकुरणारं. लेड झेपेलिनच्या जॉन बोनमचं तेच होतं, आणि त्यांच्या १९७० च्या तिसऱ्या अल्बममधल्या एका संथ ब्लूजमध्ये त्याची कुरकूर चक्क रेकॉर्ड झाली आहे. जगभरचे ड्रमर ती प्रेमाने ऐकतात. माझं पेडल भावगीताच्या आलापात कुरकुरलं तर तेवढं प्रेम मिळणार नाही.

माझं चेनवालं आहे, साधं, एका स्प्रिंगचं. खालची पट्टी, टाच, चेन, सगळं ब्रशने झाडलं. चेनला तेल ओतत नाही, धूळ धरते. फडक्याला तेल लावून पुसून घेतो. बेअरिंगला दोन्ही बाजूंनी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. स्प्रिंगच्या वरच्या कडीत फेल्टचा छोटा वायसर आहे, तो झिजला की कुरकूर सुरू होते. आज बदलला.

मग झोक्याची परीक्षा. पेडल मोकळं टेबलाच्या कडेला धरून बीटर मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा. तो पुढे-मागे झुलत राहिला पाहिजे. दोन-चार हेलकाव्यांत थांबला तर कुठेतरी घासतंय. आज चांगला झुलला.

स्प्रिंग किती ताणायची यावर ड्रमरांत भांडणं होतात. माझं मत: बीटर आपण होऊन परत येईल इतकीच. जास्त ताणलेली स्प्रिंग वेग देते असं वाटतं, पण प्रत्येक ठोक्याला पाय तिच्याशी कुस्ती खेळतो. रॉक वाजवणाऱ्याची गोष्ट निराळी. तो टाच उचलून मांडीचं वजन टाकतो. मला टाच टेकवून, घोट्यातून वाजवायचंय, तबल्याच्या शेजारी. तिथे ठोक्याचा वजनदारपणा नाही, त्याची पायरी महत्त्वाची. अगदी हळू ठोकाही नेमका पडला पाहिजे. त्यासाठी पेडल हलकं हवं आणि बीटर फेल्टचा. प्लास्टिकचा बीटर टचटच करतो आणि तो टचटचाट तबल्याच्या किनारीच्या बोलात जाऊन मिसळतो.

साडेअकरा

आता ड्रम आणि पेडल एकत्र. लहान किकची सगळी गंमत आणि सगळं दुखणं इथे आहे.

पेडल बनतात वीस-बावीस इंची ड्रम डोळ्यांपुढे ठेवून. बावीस इंचीचा मध्य जमिनीपासून अकरा इंचांवर. सोळा इंचीचा आठ. नुसतं पेडल लावलं तर बीटर मध्यापासून दोन-तीन इंच वर आदळतो. ‘मग काय झालं, ड्रमवरच तर आदळतोय’ असं म्हणणारे आहेत. त्यांनी डग्ग्याकडे बघावं. एकाच डग्ग्यावर बोट दोन इंच सरकलं की बोल बदलतो.

सारख्या जाडीच्या गोल पडद्याची गोष्ट अशी की त्याचे वरचे सूर मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट नसतात. ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडनिडे पडतात. म्हणून साध्या ड्रमला तंबोऱ्यासारखा स्पष्ट सूर नसतो. तबल्याची शाई हे वरचे सूर ओढून पटीत बसवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडलं. किकला शाई नाही, पण एक गोष्ट आपल्या हातात, खरं तर पायात, आहे. अगदी मध्यावर मारलं तर १.५९ आणि २.१४ पटीचे ते सूर उठतच नाहीत, कारण त्या कंपनांत पडद्याचा मध्य स्थिर असतो. मध्यापासून जितकं दूर जाल तितके ते जागे होतात. मोठ्या ड्रमवर दोन इंच इकडेतिकडे खपून जातं. सोळा इंचीला मध्यापासून काठ फक्त आठ इंच. त्यातले दोन-तीन इंच म्हणजे तिसरा हिस्सा. मग ड्रम टॉमसारखा ‘टुंग’ वाजतो, आणि माणूस म्हणतो ट्यूनिंग बिघडलं.

त्यावर उपाय लिफ्ट. जाड पट्टीची एक घोडी, शेलला धरून राहते आणि ड्रमचा मागचा भाग दोन-अडीच इंच उचलते. पेडलचा चिमटा रिंगला न लागता या घोडीच्या पट्टीला लागतो. हा दुसरा फायदा: फ्लोअर टॉमची रिंग पातळ पत्र्याची, तिच्यावर चिमटा आवळला की ती वाकते आणि तिच्याबरोबर सूरही. कुणी कुणी लिफ्ट न लावता बीटरचा दांडाच खाली घेतात. चालतं, पण दांडा आखूड झाला की झोका मरतो.

मागे उचलला म्हणजे पुढचे पायही तेवढे लांब केले. पुढची रिंग जमिनीपासून बोटभर वर. बीटर हेडला लागतो त्या क्षणी त्याचं तोंड हेडला सपाट टेकलं पाहिजे. वरची कड आधी टेकली तर खळगा अर्धचंद्राचा पडतो. हेडवर खडूचा ठिपका मध्यावर काढला, बीटरला खडू लावला, पायाने एकदा हळू दाबलं. शिक्का ठिपक्याच्या अर्धा बोट वर. दांडा तेवढा खाली. आता ठिपक्यावर. दांड्यावर, पेडलच्या कोनाच्या खुणेवर, पायांच्या नळ्यांवर मार्करने रेघा मारल्या. संध्याकाळी विचार करायला वेळ नसेल, रेघेला रेघ जुळवायची.

शिक्क्याच्या जागी कापडी चकती चिकटवली. ती नवीन हेडचं आयुष्य वाढवते आणि ‘टप्’ थोडा मऊ करते.

एक ते पाच

जेवण, वरण-भात आणि एक डुलकी.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. आज माटुंगा ते मुलुंड, साडेतीन-चारपर्यंत. आधी निघालं तर डोंबिवलीच्या फलाटावर ड्रमसकट उभं राहायचं, उशिरा निघालं तर ब्लॉक सुटल्यानंतरच्या गर्दीत ड्रमसकट चिरडायचं. चारला निघालो. लगेजच्या डब्यात पाठीवर किक, हातात स्नेअरची बॅग, खांद्याला पेडल. पेडल वेगळ्या पिशवीत, किकच्या आत नाही. आत टाकलं की चेन नव्या हेडवर आपटत जाते. स्टँड, टॉम आणि सिम्बल साउंडवाल्याच्या टेम्पोतून येणार आहेत. डब्यात भाजीच्या रिकाम्या टोपल्या आणि एक नवी सायकल. सायकलवाल्याने विचारलं, ‘ढोल का?’ हो म्हटलं.

पावणेसहा

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी चहा. आत दुसरा अंक चाललाय, हशा बाहेर ऐकू येतो. तबलजी आले, ढोलकीवाले काका आले. काकांनी पिशवीवरून हात फिरवून म्हटलं, ‘आज धाकटी आणलीस, बरं केलंस. गेल्या वेळच्या त्या पिंपाने माझी ढोलकी खाल्ली होती.’

काकांचं म्हणणं खरं आहे. मराठी गाण्याच्या ऑर्केस्ट्रात खालच्या अंगाला आधीच दोन मालक बसलेत: डग्गा आणि ढोलकीची धुमी. तिथे बावीस इंची किक म्हणजे तिसरा, आणि तो सगळ्यांत आडदांड. तिघेही एकाच वेळी बोलले की श्रोत्याला नुसती धडधड ऐकू येते, बोल हरवतात. लहान किक त्या दोघांच्या जरा वरून जाते, म्हणून तिला जागा सापडते.

सात

पडदा पडला. नाटकवाले सेट खोलतायत, आम्ही त्यांच्या सोफ्याच्या मागून शिरतोय. दिवाणखान्याची भिंत माझ्यासमोरून चालत गेली.

पहिली गोष्ट सतरंजी. इथली फळी गुळगुळीत आहे आणि किकला पुढे पळायची खोड असते. प्रत्येक ठोक्याला एक सूत, पाच गाण्यांनी पेडल पायाखालून गेलेलं. म्हणून माझी रबरी बुडाची जाड चटई मी स्वतः आणतो, आणि तिच्यावर नुसती किक नाही, माझं स्टूलही ठेवतो. मी बसलो की माझंच वजन ड्रम धरून ठेवतं. शहाणपण सगळं एवढंच, पण पुष्कळ जण स्टूल चटईच्या बाहेर ठेवतात आणि मग किकसमोर विटा शोधत फिरतात.

रेघेला रेघ जुळवून लिफ्ट, पाय, पेडल लागलं सात मिनिटांत. एकदा बोटाने सगळ्या रॉडपाशी टिचकी. प्रवासात एकच उतरला होता. पाव फेरा.

साउंडवाला पोरगा माइक घेऊन आला.

‘दादा, पुढे भोक नाय?’

‘नाही.’

‘मग माइक कुठे घालू?’

‘घालू नको. बाहेर लाव. हेडपासून चार बोटं, मध्यावर नको, जरा काठाकडे.’

‘लो नाय येणार.’

‘लो डग्ग्याला दे. मला किक ऐकू आली की झालं.’

त्याचंही चूक नाही. मोठ्या किकच्या पुढच्या हेडला भोक पाडून माइक आत घालायची त्याला सवय, आणि तिथे ते बरोबर आहे: आतून ठोक्याचं टोक मिळतं, बाजूचा गोंगाट येत नाही. पण सोळा इंची हेडमध्ये पाच इंचांचं भोक पाडलं की उरतं काय? हवा तिथून निसटते, पुढचं हेड फक्त शोभेला राहतं आणि ड्रमचा सूर जातो. भोक नसलं की कोंडलेली हवा बीटरला परत ढकलते. ते पायाला जाणवतं, त्याची सवय करावी लागते. बीटर हेडवर दाबून ठेवायची खोड असेल तर तो थरथरून दुहेरी ठोका देतो. ठोका मारून सोडून द्यायचा, डग्ग्यावरचं बोट उचलतात तसा.

त्याने माइक लावला, मी वाजवलं, तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. परत आला तो एवढंच म्हणाला, ‘चालतंय की.’

साउंड चेक म्हणून केरवा धरला. इथे पाश्चात्त्य वळणाचे ड्रमर फसतात. आठ मात्रा: धा गे ना ती, न क धी ना. डग्गा बोलतो पहिलीवर, दुसरीवर आणि मग थेट सातवीवर. पाचवी खाली आहे, तिथे मुद्दाम जड आवाज नाही. पण रॉक शिकलेल्या पायाला पहिली आणि पाचवी अशीच सवय. पाचवीवर किक पडली की खाली भरून जाते, ठेक्याचा श्वास कोंडतो आणि तबलजी मान वळवून बघतात. मी किक फक्त पहिलीवर आणि सातवीवर ठेवतो, सातवी हलकी. पहिलीवर डग्गा आणि किक एकत्र पडतात, पण डग्ग्याची मींड पुढे रेंगाळते आणि किक लगेच मिटते, म्हणून दोन्ही वेगळी ऐकू येतात. लावणीत मात्र पाय आवरतो. तिथे ढोलकीचं राज्य, मी झांज आणि रिमवर. कोळीगीत लागलं की काका स्वतःच खूण करतात: मार.

साडेआठ

पडदा. एसी सुरू झाला आणि दिव्यांची धगही. तिसऱ्या गाण्यापर्यंत दाया चढला, निवेदक बोलत असताना तबलजींनी हातोडीने उतरवून घेतला. प्लास्टिकला यातलं काही कळत नाही.

भरलेल्या नाट्यगृहात किक रिकाम्यापेक्षा कोरडी वाटते, माणसं आणि कपडे आवाज पितात. साउंड चेकला किंचित लांब वाटलेला सूर आता नेमका बसला. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये टेप चिकटवायची घाई करू नये.

दहा, मध्यंतर

लोक वड्यांच्या रांगेत, मी खाली वाकून चावी घेऊन. पेडलच्या दोन बाजूंचे खालचे रॉड सर्वांत आधी ढिले होतात, धक्का तिथे बसतो. दोन्ही पाव पाव फेरा. बीटर दांड्यात गोल फिरला होता, मार्करची रेघ उजवीकडे गेलेली. अ‍ॅलन की ने आवळला. गायिका विंगेतून जाताना म्हणाली, ‘दुसऱ्या अंतऱ्यात तुझी किक जरा कमी कर ना, शब्द हळू आहेत तिथे.’ पायाने कमी करायची की साउंडवाल्याला सांगायची? पायाने. हलकी स्प्रिंग त्यासाठीच ठेवली आहे.

साडेअकरा

शेवटचं कोळीगीत दोनदा झालं. आता बाहेर काढायची घाई नाट्यगृहाच्या कर्मचाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त. आधी पेडल सोडलं, बीटर काढून वेगळा. पाय आत सरकवले. हेड ढिलं करून ठेवणारे काही आहेत, मी करत नाही. प्लास्टिक ताणावर राहायला बनलंय, आणि आजचं नवीन हेड रात्रभरात थोडं बसेल, उद्या बोटाने बघायचं.

आयोजकांनी पाकीट दिलं आणि लगेच फोन कानाला लावून माझ्याकडे वळले. मंगळवारी ठाण्यात कंपनीचा कार्यक्रम, त्यांचा ड्रमर आजारी. ‘किट तिथेच आहे, बावीसची किक. तुम्ही नुसतं पेडल आणा.’

‘बीटरचा दांडा वर घ्यावा लागेल,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘काही नाही. आणतो.’

मार्करची रेघ राहू देणार आहे. तिच्यावर दुसरी मारेन, लाल.